टाकाची पाठ

"घोड्यावर बसवू, की उभाच ठेवू?" कादंबरीने विचारलं आणि पितळेचे दोन ठसे नंदापुढे काचेवर मांडले.

एका ठशात घोडेस्वार होता. डोक्याला मुंडासं, हातात उगारलेली तलवार. दुसऱ्यात तोच गडी पायउतार झालेला, ढाल सावरून उभा. लढाईत कामी आलेल्या माणसाचा चांदीचा टाक करायचा, देव्हाऱ्यात बसवायचा आणि त्याला वीर म्हणायचं, ही देशावरच्या घराण्यांची जुनी रीत. कल्याणच्या पारनाक्याजवळच्या या पेढीतून कादंबरीच्या आजोबांपासून हेच दोन गडी वीर म्हणून बाहेर पडत आले होते. वडील गेल्यावर पेढी लेकीकडे आली. ठसे बदलायचं काही तिच्या मनात आलं नाही. हल्ली वीर करून घेतंय तरी कोण!

नंदाने दोन्ही ठसे हातात घेऊन पाहिले आणि खाली ठेवले. तिचा थोरला, साईनाथ, जन्मात एकदाच घोड्यावर बसला होता, माथेरानला, पाच वर्षांचा असताना. भोकाड पसरून लगेच उतरला होता.

"तलवार नको गं," ती म्हणाली. "तो सुरुंग काढायचा. जमिनीवर पालथं पडून. हातात एक लांब सळई असते, तिने माती टोचत टोचत पुढं सरकायचं."

"पालथा माणूस टाकात कसा दाखवू, काकू? पूजेत बसायचाय तो."

"मग तलवार नको, सळई नको, काहीच नको. नुसतं तोंड कर. पण तोंड त्याचं पाहिजे. असं कर, की कुणीही बघितलं की म्हणेल, हा साईनाथ."

तिने मोबाईलमधला फोटो काढून दाखवला. वर्दीतला, हसू दाबून धरलेला. कादंबरीने तो मोठा करून निरखला, कागदावर पेन्सिलीने भुवया काढल्या, नाक काढलं.

"नाक असं सरळ नाही," नंदा म्हणाली. "डावीकडे जरा कललेलं आहे. झोपाळ्यावरून पडला होता."

कादंबरीने नाक खोडलं आणि परत काढलं.

साईनाथला जाऊन वर्ष झालं होतं. तिकडे वर सरहद्दीवर बर्फ वितळलं की जमिनीत पुरलेले सुरुंग जागा सोडतात, हे नंदाला त्याच्याच तोंडून कळलेलं. रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीत तो सगळ्यांत पुढे होता. पेटी आली ती बंद आली. उघडू नका, म्हणाले. वर्षश्राद्ध उरकलं तसं सासऱ्यांनी सांगितलं, आता पोराला देव्हाऱ्यात बसवायचं, जुन्या वीराच्या शेजारी.

तो जुना वीरही नंदाने पिशवीतून बाहेर काढला.

"हा तेवढा उजळून दे. दोघं शेजारी बसणार. एक काळाठिक्कर नि एक लखलखीत, बरं दिसत नाही."

खरं तर हा वीर सोनाराकडे न्यायचाच नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता. घरातले बाकीचे टाक, खंडोबा, भवानी, जोतिबा, लग्नकार्याच्या आधी उजळायला जात. वीर जात नसे. "त्याला आगीजवळ न्यायचं नाही," एवढंच आबा म्हणत, आणि आबांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नसे. आज नंदाने त्यांना न विचारता तो गुपचूप उचलून आणला होता. आपल्या पोराच्या शेजारी बसणारा स्वच्छ असावा, इतकाच तिचा भाव.

रुपयाहून थोरला, वाटोळा, वजनदार टाक. सहा पिढ्यांचं हळदकुंकू, दूध, पंचामृत खाऊन वरचं चित्र पार झिजलं होतं. मधे कुणाचं तरी तोंड असावं, आणि भोवती टोकंटोकं असलेला सूर्य. घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेली गोष्ट अशी, की मूळपुरुष गुणाजी इंग्रजांच्या सफरमैना पलटणीत होता. रस्ते, पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ती पलटण. तो बोटीतून आफ्रिकेत, हबसाणातल्या लढाईवर गेला, तिथल्या राजाच्या किल्ल्याखाली मेला, आणि विलायतेच्या राणीने त्याचं मेडल घरी धाडलं. गुणाजीच्या बायकोने त्या मेडलला मागून तांब्याचा पत्रा बसवून घेतला आणि त्याचा टाक केला.

कादंबरीने टाक रिठ्याच्या पाण्यात घोळवला, ब्रशने घासला, मग चिमट्यात धरून ज्योतीवर जरासा शेकला. तेवढ्याने आतली लाख पाघळली. तांब्याचा पत्रा एका बाजूने सुटला आणि टपकन खाली पडला.

"अगं बाई!" नंदा खुर्चीतून उठलीच.

"घाबरू नका, परत बसवून देते. नवी लाख भरली की झालं." कादंबरीने चिकटलेली लाख खरवडून काढली आणि मागची बाजू दिव्याखाली धरली. पुढची बाजू जितकी झिजलेली, तितकी ही कोरी होती. कडेने पानांची वेल, मधे उठावाची इंग्रजी अक्षरं. "काकू, तुमच्या वीराचं नाव काय म्हणालात?"

"गुणाजी."

"इथे तर भलतंच आहे." ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. "लेफ्टनंट ए. थॉर्नहिल. खाली आर. ई. म्हणजे रॉयल इंजिनिअर्स असणार."

"नीट बघ. गुणाजी असेल कुठंतरी."

"गुणाजीतला ग सुद्धा नाही, काकू. कुणा साहेबाचं मेडल आहे हे." कादंबरीने लाखेचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला. "आणि हे काही आज पहिल्यांदा उघडलेलं नाही. जुने सोनार लाखेत विटेची भुकटी घालायचे. ही बाजारातली कांडी आहे, आमच्या बाबांच्या वेळची. मधे कुणीतरी एकदा उघडून परत बंद केलंय."

नंदाने पडलेला पत्रा उचलून उलटसुलट पाहिला.

"बसवू पत्रा? मागचं कुणाला दिसायचं नाही."

नंदाने पर्समधून रुमाल काढून पुढे केला.

"नको. तसाच दे."

डोंबिवलीकडे जाणारी रिक्षा नेहमीप्रमाणे पत्रीपुलावर अडकली. साहेबाच्या काळातला इथला जुना पूल पाडला, तेव्हा आबा मुद्दाम बघायला आले होते आणि घरी येऊन न जेवता झोपले होते. "बांधावं तर असं," एवढंच म्हणाले होते. नंदाला ते आता आठवलं. मुठीतला रुमाल घामाने ओला झाला होता.

आणि मग, खोटं कशाला बोला, तिला हायसं वाटलं. इतकं, की तिची तिलाच भीती वाटली. मेलेल्या पोराचा टाक करायला टाकून आलेली बाई, आणि हिला हायसं वाटतंय! पण वाटलं ते वाटलं. वीर खोटा, तर वीराचा मान खोटा. आणि मान खोटा, तर धाकट्या स्वानंदला पलटणीत जायचं कारणच उरत नव्हतं.

त्या मेडलपायी या घरातल्या प्रत्येक पिढीतला एक मुलगा पलटणीत गेला होता. वीरापुढची चिमूटभर हळद, भंडारा म्हणायचं तिला, ती भाऊबंदांसमोर कपाळाला लावायची आणि जायचं, असा नेम. कुणी मेसोपोटेमियात गेला, कुणी ब्रह्मदेशात. कुणी बहिरा होऊन परतला, कुणी पाय फरपटत, पण परतले सगळे. आबा स्वतः एकाहत्तरची लढाई करून आले. नंदाच्या नवऱ्याचं मात्र नशीबच फुटकं. त्याचे तळवे सपाट निघाले. भरतीच्या मैदानावरून त्याला घरी पाठवलं आणि तिथून तो जो वडिलांच्या मनातून उतरला, तो उतरलाच. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्याने इमानेइतबारे नोकरी केली, दोन पोरं वाढवली. पण ताट पुढे आलं की आबा एकदा तरी म्हणायचेच, "आमच्या घरात बिनभंडाऱ्याचा हा पहिलाच." ऐकून ऐकून माणूस आतून पोखरला. आधी संध्याकाळची बाटली, मग सकाळचीही. चाळिशी कशीबशी ओलांडली आणि गेला.

मग साईनाथ. आणि आता स्वानंद. त्याची निवड झाली होती, महिन्याभरात हजर व्हायचं होतं. लिफ्टच्या एका कंपनीत त्याला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होते, ते त्याने सोडलं. जायचं नाही असं तो कधी म्हणाला नाही. फक्त एकदा नंदा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, तेव्हा जवळ येऊन उभा राहिला होता.

"आई, मला झोप लागत नाही गं. दादाची पेटी दिसते."

"मग नको ना जाऊस, राजा."

"नाही गेलो तर आबा बाबांना बोलायचे तसं मला बोलणार. बाबांनी ऐकून घेतलं. मी नाही घेणार. मग काय होईल घरात, सांग?"

एवढं बोलून त्याने कपड्यांची बादली उचलली आणि खाली गेला. रोज पहाटे उठून बावनचाळीच्या मैदानावर पळायचं त्याने चुकवलं नाही. पण खांदे कायम कानाशी चढलेले, कुणीतरी मागून मारणार असल्यासारखे.

पुढची रिक्षा हलली. नंदाने रुमाल छातीशी धरला. देवाने नाही, तर त्या थॉर्नहिलने का होईना, तिची हाक ऐकली होती.

आबा गॅलरीत इस्त्री करत होते. पंचाहत्तरी गाठली तरी स्वतःच्या शर्टाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सोसायटीत त्यांना सगळे गोपीनाथ सुभेदार म्हणून ओळखत. पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्याच हातून चढायचा.

नंदाने रुमाल सोडला आणि मेडल त्यांच्यापुढे शर्टाच्या बाहीवर ठेवलं. पालथं.

इस्त्री तिथपर्यंत येऊन थांबली. आबांनी मेडल दोन बोटांनी बाजूला सारलं. उरलेली बाही पुरी केली, कॉलर केली, मग इस्त्री उभी ठेवून बटण बंद केलं.

"सोनाराकडे नेलंस," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, आबा."

"माझ्या लग्नाआधी देव उजळायला मीच नेले होते, साताऱ्याला. तिथंही असाच पत्रा पडला."

"मग?"

"मग काय? बंद करून घेतला. तेव्हा लढाई बघून आलो होतो. अंगावर वर्दी होती, ती गुणाजीच्या नावानं चढलेली. ती काढून कुठं ठेवणार होतो?"

नंदाने मेडलवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हा कोण?"

आबांचा आवाज एकदम बदलला. परेडवर हजेरी द्यावी तसे ते सरळ उभे राहून बोलू लागले.

"इंजिनिअर साहेब. खडकीला असताना मी शोधून काढला त्याला. आमच्या मेजरसाहेबांनी जाडं पुस्तक काढून वाचून दाखवलं. हबसाणच्या किनाऱ्याला बोटी लागायला जागा नव्हती, यानं धक्का बांधला. वाळूतून रूळ टाकले. पुढं डोंगर फोडून हत्ती चालेल एवढा रस्ता काढला, आणि त्या रस्त्यानं हत्तींवर घालून तोफा नेल्या किल्ल्यापर्यंत. तिथल्या राजानं स्वतःला गोळी घालून घेतली. मग हा काबूलच्या लढाईत गेला, तिथलं मेडल. मग ब्रह्मदेशात, तिथलं मेडल. कर्नल होऊन विलायतेला गेला, आणि म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. सगळं छापलेलं आहे, नंदा. कधी कुठं तंबू ठोकला ते सुद्धा."

"आणि गुणाजी?"

"गुणाजीची एक ओळ नाही."

खालून भंगारवाल्याची हाक गेली. आबा ती लांब जाईपर्यंत थांबले.

"असेल या साहेबाचा घोडा धरणारा. पाणी वाहणारा. खडी फोडणारा. मेडल त्यानं खूश होऊन दिलं असेल, नाहीतर यानं ढापलं असेल. मी पुष्कळ डोकं घातलं त्यात. एक मात्र पक्कं. मेडलं लढाई संपल्यावर वाटतात, मेलेल्याच्या खिशात नाही सापडत. गुणाजी तिकडेच मेला असता, तर साहेबाचं मेडल आपल्या घरी आणलं कुणी? तो आला असणार परत. चांगला जिता. शेळ्या राखत म्हातारा झाला असेल, आणि पोरानातवंडांनी रचली असेल गोष्ट."

नंदाने गॅलरीचा गज घट्ट धरला. 

"हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी ह्यांना रोज जेवताना टोचत होतात. रोज! एकदा, एकदा तरी ह्यांना सांगायचं होतं, की अरे, तुझे पाय सपाट तर सपाट, आपल्या घरात वीर मुळी नव्हताच. जगले असते ते."

आबांनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

"साईनाथच्या कपाळाला भंडारा कुणी लावला? तुम्ही लावलात. या साहेबापुढचा. माहीत असून लावलात."

"मानला तर देव, नाहीतर धोंडा," आबा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. वायर उलटीसुलटी गुंडाळली जात होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. "मला वाटलं, माझ्याबरोबर जाईल हे. पोरं पलटणीत जाऊन माणसं होतायत, मग कशाला उकरून काढा? सगळे परत येत होते गं. आजवर सगळे परत येत होते."

"माझा एकच उरलाय, आबा. त्याला सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आई घाबरली. तुमच्या तोंडून ऐकू दे."

"भाऊबंदांसमोर?"

"भंडारा त्यांच्यासमोर लावायचाय ना? मग सांगायचंही त्यांच्यासमोरच."

वायर गुंडाळून झाली.

"सांगतो," आबा म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून नंदाने या माणसाची मान खाली गेलेली पाहिली नव्हती, साईनाथच्या चितेसमोरसुद्धा. आज ती गेली. नंदाला त्याची दया आली नाही. तिने मेडल पुसून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि कुकर लावायला आत गेली.

टाकासाठी नंदाने कल्याणला तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला नाक सरळच झालेलं. दुसऱ्या खेपेला नाक जमलं, पण ओठ गंभीर, पुतळ्याचे असतात तसे.

"असा नव्हता गं तो," नंदा म्हणाली. "फोटो काढताना त्याला हमखास हसू यायचं. ते दाबलेलं दिसलं पाहिजे."

दुसरी एखादी पेढी असती तर गिऱ्हाइकाला हात जोडले असते. कादंबरीने मुकाट्याने टाकाचा चांदीचा पत्रा परत लाखेवर बसवला आणि ठोकायला घेतला. तिसऱ्या खेपेला तिने डबी उघडली, आणि नंदाने टाक दोन्ही हातांत उचलून डोळ्यांजवळ नेला. तेवढ्याशा चांदीत साईनाथ होता. कललेलं नाक, दाबून धरलेलं हसू, उजव्या भुवईतली खोकही. पेटी बंद आल्यापासून आज पहिल्यांदा तिला आपल्या पोराचं तोंड हातात धरायला मिळत होतं.

"जमलं का, काकू?"

"जमलं गं बाई. सोन्याचे हात आहेत तुझे," नंदा म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली.

रविवारी भाऊबंद जमले. गावाकडून दोघं-तिघं आले, दिव्याहून चुलतदीर आनंद सहकुटुंब आला, शीळफाट्याहून नंदाच्या नणंदेची माणसं आली. दिवाणखान्यातला सोफा उभा करून भिंतीला टेकवला आणि सतरंज्या घातल्या. गुरवाने सगळ्या टाकांना दुधापाण्याची आंघोळ घातली आणि तांदळाच्या राशींवर मांडलं. साईनाथ शेवटच्या राशीवर. त्याच्या शेजारची रास मोकळी होती.

"जुना वीर कुठाय?" गुरवाने विचारलं.

"येतोय," आबा म्हणाले. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. अशा दिवशी छातीवर त्यांची मेडलं असायची, आज नव्हती. आनंदच्या लक्षात आलं, त्याने बायकोला कोपर मारून दाखवलं.

तळी भरायची तयारी झाली. ताम्हनात भंडारा, खोबरं, नारळ. पाच पुरुषांनी ताम्हन धरून उचलायचं, देवाचा पुकारा करायचा आणि मग जाणाऱ्या मुलाने वीरापुढचा भंडारा कपाळाला लावायचा. स्वानंद न्हाऊन पाटावर बसला होता. चेहरा उतरलेला, खांदे कानाशी. नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून तिला फक्त त्याचंच तोंड बघायचं होतं.

"थांबा," आबा म्हणाले. त्यांनी खिशातून मेडल काढलं आणि पालथं करून स्वानंदच्या तळहातावर ठेवलं. "वाच. मोठ्यानं वाच."

"लेफ्टनंट ए. थॉर्नहिल, आर. ई.," स्वानंदने वाचलं. "हे कोण?"

"ज्याचं मेडल आहे तो. इंग्रज इंजिनिअर. हे गुणाजीचं नाही. गुणाजी लढाईत मेला नाही, राणीनं त्याला काही दिलं नाही. पन्नास वर्षं ठाऊक आहे मला." आबा एका दमात बोलत होते, मधे थांबलो तर पुढचं यायचं नाही अशा घाईने. "तुझ्यावर कसल्या मानाचं ओझं नाही, पोरा. जायचं नसेल तर जाऊ नकोस. लिफ्टच्या कंपनीत जा. या घरात तुला कुणी काही बोलणार नाही. मी तर नाहीच."

"आबा, हे काय भलतंच!" आनंद म्हणाला. गुरव हातातली पळी तशीच धरून बसला. बायकांत कुजबुज सुरू झाली आणि आपोआप थांबली.

नंदाने पाहिलं, पोराचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांनी त्याची मान दिसली. त्याने एक लांब श्वास सोडला, शाळेची परीक्षा संपली की सोडायचा तसा. सुटला, असं तिला वाटलं. तिने डोळे मिटून मनातल्या मनात नवऱ्याला सांगितलं, अहो, आपला एक वाचला बरं का.

डोळे उघडले तेव्हा स्वानंदने मेडल आबांच्या हाती परत दिलेलं होतं, आणि तो पुढे वाकून शेवटच्या राशीकडे पाहत होता. टाक आणल्यापासून नंदाने तो कपाटात ठेवला होता. स्वानंद आज पहिल्यांदा बघत होता. त्याने तो हळूच उचलला. अंगठ्याने नाक चाचपलं.

"आई," तो म्हणाला, "दादाच आहे गं हा."

आणि तो रडायला लागला. पेटी आली तेव्हा तो रडला नव्हता, वर्षश्राद्धालाही नाही. आता पाटावर बसून, एवढ्या माणसांत, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. कुणी त्याला थांबवलं नाही. नंदा दोन पावलं पुढे आली, पण मधे माणसं बसली होती.

रडून झाल्यावर त्याने मनगटाने नाक पुसलं.

"म्हणजे आपल्या घरात वीर नव्हताच कधी," तो सावकाश म्हणाला. "दादाच पहिला."

"स्वानंद," नंदा म्हणाली. "अरे, आबा काय म्हणाले, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं ना, आई." त्याचा आवाज कधी नव्हे इतका शांत होता. "आजवर सगळे खोट्याच्या पाया पडून गेले. दादासुद्धा. मला झोप नव्हती लागत ती त्यामुळेच. कुणासाठी जायचं, तेच कळत नव्हतं. आता कळलं."

त्याने साईनाथचा टाक राशीवर परत ठेवला, ताम्हनातून चिमूटभर भंडारा घेतला, टाकाच्या कपाळी लावला आणि मग स्वतःच्या.

"येळकोट येळकोट!" आनंदने पुकारा केला.

"जय मल्हार!" सगळी खोली गरजली. चौघा पुरुषांनी ताम्हन धरलं आणि पाचव्यासाठी वळून पाहिलं. आबांनी हात पुढे केला नाही. ते ते मेडल मुठीत घेऊन नंदाकडे बघत होते, तिने काहीतरी करावं म्हणून. शेवटी पाचवा हात स्वानंदने लावला. ताम्हन वर गेलं, भंडारा उधळला, पोराटोरांच्या केसांवर, सतरंजीवर, उभ्या केलेल्या सोफ्यावर पिवळी धूळ बसली.

माणसं पाया पडायला एकेक करून पुढे येऊ लागली. गावाकडची म्हातारी चुलतसासू डोळ्याला नीट दिसत नसल्याने टाकाशी अगदी खाली वाकली आणि बोट लावून म्हणाली, "अगं, हा तर आपला साईनाथ."

नंदा जागची हलली नाही. भंडाऱ्याखालूनही तो ओळखू येत होता. कुणीही बघितलं की म्हणेल, हा साईनाथ. तिनेच तसा करून घेतला होता, तीन खेपा घालून.